पहिलं पान कोणाचं

तेल्हाऱ्याच्या उकर्डाजीसारखे खमंग रोडगे पंचक्रोशीत कोणी भाजत नसे, आणि त्याच्याएवढं तापट डोकंही दुसरं नव्हतं. वरण पातळ झालं म्हणणाऱ्या नवरदेवाच्या मामाचे दात त्याने भर मांडवात पाडले होते. तरी लोक त्यालाच बोलवत.

त्या दुपारी शेतात जेवण होतं. गोवऱ्यांच्या लालभडक विस्तवात कणकेचे रोडगे भाजत होते. भुकेल्या मंडळींत विषय निघाला, इतिहासातलं कोणी जेवायला बोलवता आलं तर कोणाला बोलवाल? गजेंद्र म्हणाला, शिवाजी महाराजांना. श्याम म्हणाला, गाडगेबाबांना. इथवर ठीक होतं. मग पहिलं पान कोणाला वाढायचं, यावरून दोघे हातघाईवर आले. गजेंद्रने श्यामच्या कानशिलात हाणली. श्यामने त्याला विस्तवावर ढकललं. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला आणि त्याच्या अंगाखाली सगळे रोडगे चिरडले.

रोडगे पाहून उकर्डाजीचं टाळकं सरकलं. हातातल्या लोखंडी चिमट्याने त्याने दोघांचीही डोकी फोडली.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "भांडन कायचं होतं?"

"पाहुण्याईचं, साहेब. पह्यले कोनाले वाढावं, याचं," उकर्डाजी म्हणाला.

"मंग पाहुणे कुठं हायेत? त्याईचाबी जबाब घ्या लागते."

उकर्डाजीने हातावरचं रक्त धोतराला पुसलं.

"एकाले जाऊन साडेतीनशे वर्सं झाले, दुसऱ्याले सत्तर. तुमाले भेटले त सांगजा, सैपाक राखेत गेला."