गेरूवाले काकाजी

काकाजींच्या उजव्या हाताची नखं कायम लाल असायची. आमच्या वस्तीतल्या बायकांना आधी वाटायचं, म्हाताऱ्याला पानाची सवय असेल. पण काकाजी पान खात नसत. त्यांच्या पिशवीत तुपाचा एक जुना डबा असे आणि डब्यात कालवलेला गेरू. नाल्याला पूर येऊन गेला की ते घरोघर जात आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथे भिंतीवर बोटाने लाल रेघ ओढत. ब्रश का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "दुसऱ्याच्या घराची भिंत आहे बेटा," ते म्हणाले, "हात लावून तर पाहावी."

आमचा नाला हिंगण्याच्या बाजूच्या टेकडीवरून येतो. त्याच्या एका काठावर काकाजींची कॉलनी, दुसऱ्या काठावर आमची वस्ती. इकडच्या बायका तिकडे धुण्याभांड्याला जात, तेवढंच येणंजाणं. काकाजी सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि दर रविवारी सकाळी फावडं घेऊन एकटेच नाल्यात उतरायला लागले. लोक हसले. मग कॉलनीतले काहीजण आले, मग आम्ही आलो. प्लास्टिक ओढून काढायचं, काठावर माजलेली बेशरमाची झुडपं उपटायची, टेकडीच्या उतारावर दगडांचे लहान बांध घालायचे, त्यांच्यामागे गवत लावायचं. मी तेव्हा अकरावीत होते. खरं सांगायचं तर पहिल्या रविवारी मी नुसती पाहायला गेले होते.

नव्या माणसाच्या हातात काकाजी लगेच फावडं देत नसत. आधी परात. परातीत ओली रेती, तिच्यातून बोटाने काढलेली वाट म्हणजे नाला. तांब्याने हळूहळू पाणी सोडायचे. मग एका काठाला पट्टी उभी करायचे, आणि बघता बघता पाणी समोरचा काठ खाऊन टाकायचं. "पाणी भांडत नाही," ते म्हणायचे, "ज्याने अडवलं त्याला सोडते, समोरच्याच्या घरात जाते. म्हणून काठावर भिंत घालायची नाही. वर टेकडीवर जायचं, पाण्याला तिथंच बसायला जागा द्यायची." हे ते इतक्या वेळा सांगत की आमच्या गल्लीतली लहान पोरं खेळताना त्यांची नक्कल करायची.

आई त्यांना दारात पाहून जयभीम म्हणायची. सुरुवातीला ते नमस्कार म्हणायचे. ते वाईट वाटावं असं काही नव्हतं, कॉलनीतली माणसं तसंच म्हणतात. मग एका पावसाळ्यानंतर ते आले आणि आईच्या आधी तेच म्हणाले, "जयभीम, बाई." आईने त्या दिवशी चहात दूध जास्त घातलं. रेघ ओढून झाल्यावर त्यांनी तिचा रेघेजवळ एक फोटो काढला. त्यासाठी ती आत जाऊन साडी बदलून आली होती.

दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. बाबा कोराडीला कोळशाच्या ट्रकवर असतात, कॉलेजच्या ॲडमिशनच्या दिवशी त्यांना सुट्टी नव्हती. काकाजी सोबत आले. रांगेत माझ्यापेक्षा तेच जास्त वेळ उभे होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पालक?" काकाजी म्हणाले, "आमची पोरगी आहे." मी पर्यावरणशास्त्र घेतलं ते त्यांच्यामुळे. वर्गात पाणलोट शिकवायला घेतलं तेव्हा मला ते सगळं आधीच ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीच्या काठावर मांडव उभा राहिला. आम्ही बेशरम काढून मोकळ्या केलेल्या जागेवर नाल्याच्या कामाचं भूमिपूजन होतं. मोठा फ्लेक्स होता आणि त्यावर माझी आई होती. तीच साडी, बाजूला लाल रेघ, खाली लिहिलेलं, 'पुरापासून संरक्षण'. आई खूश झाली. "पाह्य वं, किती मोठी दिसून राहिली मी," ती म्हणाली. मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, आमच्या बाजूचं काम कधी सुरू होणार. तो म्हणाला, "मॅडम, प्लॅनमध्ये भिंत इकडचीच आहे."

मला वाटलं तो चुकत असेल. काकाजी मांडवात हार घालून बसले होते, मी त्यांना बाजूला बोलावलं.

"काकाजी, भिंत एकाच काठाला आहे?"

"सध्या. तुमची बाजू पुढच्या टप्प्यात."

"पण परातीत तर..."

"दोन्हीकडची मागितली असती तर काहीच मिळालं नसतं बेटा. कॉलनीवाले किती दिवसांचे माझ्या मागे लागले होते. काहीतरी तर होऊन राहिलं ना."

आई तोवर मागून आली होती. तिने शांतपणे विचारलं, "मंग काकाजी, फोटो माह्या घराचा काहून लावला?"

काकाजींनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. "तुमच्याकडे पाणी जास्त चढते ना," ते म्हणाले, "मंजुरीसाठी दाखवावं लागते."

त्यांना कळलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कुणी फसवलं त्यांना, म्हातारे आहेत, असं मी आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "परात कोणाची होती?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. रविवारी नाल्यावर जाणंही थांबलं. आमच्यातलं कोणीच गेलं नाही.

यंदा जुलैत पाणी दुपारी आलं. जुनी रेघ पाहता पाहता बुडाली. आम्ही तसबिरी आणि माझी पुस्तकं घेऊन शेजारच्यांच्या स्लॅबवर चढलो. समोर भिंतीमागे कॉलनीतले लोक उभे होते. कुणी हसत नव्हतं, तेही घाबरलेलेच होते. त्यांत काकाजी दिसले. दोन्ही हात हलवून ते आम्हाला सांगत होते, वर चढा, वर चढा.

पाणी ओसरल्यावर ते आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. चिखलातच चपला काढून ते दारात उभे राहिले, पिशवीतून डबा काढला.

"जयभीम, बाई."

आई खराट्याने गाळ लोटत होती. तिने मान वर केली.

"नमस्कार," ती म्हणाली. "बसा म्हणत नाही, जागा ओली आहे."

काकाजी बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. पाण्याचा नवा डाग त्यांच्या डोक्याच्याही वर होता. हात वर नेला असता तर पोचला असता, पण त्यांनी तो नेला नाही. "पुढच्या टप्प्याचं मी विचारतो," ते म्हणाले. आई गाळ लोटत राहिली. ते चपला हातात घेऊनच गेले. मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. टेकडीवरून पाणी कसं पाहायचं ते मला त्यांनीच शिकवलं, आणि आजही कुठल्या पुलावरून जाताना माझी मान आधी वरच्या अंगाला वळते.

डबा ओट्यावरच राहिला होता. मी तो उचलून आत नेत होते तेव्हा आई म्हणाली, "आत नको. भायेरच्या भितीवर वढ. तिकडून दिसली पाह्यजे."

तिने स्टूल धरलं. ब्रश नव्हता, मी बोटानेच ओढली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. गेरू नखांत भरला तो अजून निघालेला नाही.