चाल माझी, बोटं माझी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शिलाईच्या टेबलाखाली चिंध्या साठतात तसे ते साठतात. आपण वरचं कापड बघत असतो आणि पायाशी ढीग झालेला असतो. मी उभा जन्म सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवले. डोळे दमले तेव्हा मशीन विकली आणि त्याच जागेवर कीबोर्ड मांडला. तेव्हापासून आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात जे जे घडलं, त्यातलं थोडं सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे. मला रोज येतो.

मला काय हवं होतं ते आधी सांगते. शिवता शिवता मी गाणी रचायची. चाल डोक्यात असायची, पण डोक्यातली चाल दुसऱ्याला ऐकू जात नाही. म्हणून वाद्य हवं होतं. गाणं मी रचलेलं, चाल मी लावलेली, वाजवणार मी, आणि माईकवर नाव माझं यावं. एवढंच. यात कुणाचं काय जात होतं ते मला अजून कळलेलं नाही.

*

कीबोर्ड घ्यायला दुकानात गेले ते नरसूबाईला घेऊन. नरसूबाई माझी शेजारीण. घरात तेलुगू बोलणारी, सासरी-माहेरी दोन्हीकडं माग. मंडळात ढोलकी तीच वाजवते.

दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "नातवाचं वय काय, आजी?"

मी म्हटलं, "अडुसष्ट."

मग त्यानं मान वर केली. तरी काढला तो प्लास्टिकचा, हातभर खेळणं. म्हणाला, "यात प्राण्यांचे आवाज पण आहेत. हे बघा, कुत्रा."

नरसूबाई म्हणाली, "कुत्र्याचा आवाज आमच्या गल्लीत फुकट हाय की."

मी सांगितलं, मला एकसष्ट पट्ट्यांचा दाखवा. पट्टी जोरात दाबली तर मोठा आणि हळू दाबली तर बारीक आवाज येतो, तसला. हे सगळं मी मोबाइलवर बघून गेले होते. त्यानं तसला काढला, पण मला हात लावू दिला नाही. स्वतः एक बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. कीबोर्ड आपला आपण वाजायला लागला. बाजा काय, तबला काय, व्हायोलिन काय.

"बघा आजी. तुम्हाला काही करायलाच नको."

"मग मी कशाला घेऊ? माझ्याकडं रेडिओ हाय."

*

शेवटी कीबोर्ड घेतलाच, त्याच्याबरोबर पायाखाली ठेवायचं एक पेडल मिळालं. ते दाबून धरलं की स्वर लांबतो, सोडलं की थांबतो. सोपं आहे. पण माझा उजवा पाय जन्मभर पायमशीनवर चाललेला. खाली पेडल लागलं की तो विचारत नाही, चालायलाच लागतो.

मी वाजवायला बसले की वर हात चाल धरायचे आणि खाली पाय शिवायला बसायचा. एक स्वर लांबलाय, दुसरा मधेच तुटलाय, तिसरा चौथ्याच्या अंगावर पडलाय. मला वाटलं यंत्रच खराब दिलं. दुकानदाराला फोन करून झापलं. तो बिचारा म्हणाला, घेऊन या, बघतो.

नरसूबाई ढोलकी मांडीवर घेऊन समोर बसलेली. तिनं वाकून टेबलाखाली बघितलं.

"आक्का, गाणं वाजवायलीस का ब्लाऊज शिवायलीस?"

मी पाय दाबून धरायचा प्रयत्न केला. चप्पल काढून बघितली, टाच जमिनीला टेकवून बघितली. ऐकेना. शेवटी पेडल डाव्या पायाखाली सरकवलं. डावा पाय अडाणी होता, त्यामुळे नीट शिकला. दुकानदाराला मात्र मी परत फोन केला नाही.

*

सगळं मोबाइलवर शिकता येत नाही, कुणीतरी समोर बसून दाखवायला हवं, असं माझ्या मुलाला वाटलं. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्टवर जाता जाता त्यानं क्लास शोधून दिला. मी गेले. दारातच सर म्हणाले, "पालकांनी बाहेर बसायचं."

मी म्हटलं, "मी पालक न्हाय. मी विद्यार्थी हाय."

सरांनी माझे हात बघितले. कापसासारखा मऊ आवाज काढून म्हणाले, "काकू, राग मानू नका, पण या वयात बोटं वळत नाहीत हो."

"सर, तुमी सोलापुरातल्याच शाळेत शिकलात न्हवं?"

"हो."

"मग तुमच्या चड्डीची काजं बहुतेक याच बोटांनी केलीत. वळतात."

वर्गातली पोरं हसली. सरांचे कान लाल झाले. तरी मी टिकून बसले. तासाच्या शेवटी विचारलं, "सर, स्वतःचं गाणं रचायचं असंल तर तीन-तीन पट्ट्या एकत्र दाबायच्या त्या कॉर्ड कशा निवडायच्या?"

ते म्हणाले, "आधी दुसऱ्यांची गाणी वाजवा. चार-पाच वर्षांनी बघू."

चार-पाच वर्षांनी! अडुसष्टाव्या वर्षी बाईला असं सांगतात का? मी तिथून उठले ती परत गेले नाही. घरी बसून एकेक पट्टी दाबत, माझ्या चालीखाली कुठली कॉर्ड बसते आणि कुठली टोचते, ते कानानं ठरवलं. कापडाला अस्तर निवडतात तसं. अस्तर चुकलं की वरचं कापड ओढलं जातं, ते मला कुणी शिकवायला नको.

असं करत माझं पहिलं गाणं उभं राहिलं. त्याचं ध्रुपद असं:

कुणाच्या पोराची शाळा गं उद्या,
माझ्या बोटाला टोचू द्या सुया.

*

आता विजयाताईंकडं येते. विजयाताई आमच्या मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त शिक्षिका. गळा चांगला आहे, ते मी नाकारत नाही. आमची पेटी वाजवणारी बाई लेकीकडं पुण्याला राहायला गेली म्हणून त्यांनी माझा कीबोर्ड मंडळात येऊ दिला. नाहीतर त्यांचं मत एकच: "यंत्राला भाव नसतो, मथुराबाई."

खंडेनवमीला आमचा सराव होता. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करायची. नरसूबाईच्या घरी मागाची पूजा होते, तशी तिनं माझ्या कीबोर्डची करायची ठरवली. मी यंत्र चालू करून चहा आणायला आत गेले. बंद यंत्राची कसली पूजा, असं तिचं म्हणणं. बाहेर आले तर झेंडूची माळ, उदबत्ती आणि पट्ट्यांवर हळदीची बोटं. मला बरं वाटलं. शिलाई मशीनची पूजा मी दरवर्षी करायची, ही जागा रिकामी राहिली नाही.

मी सूर दिला. पहिल्याच स्वराला कळलं, काहीतरी बिघडलंय. पण विजयाताईंनी डोळे मिटले होते, आणि त्यांनी डोळे मिटले की कुणी थांबायचं नाही असा आमच्याकडं नियम आहे. गाणं वर चढलं. बायका चढल्या. अंतऱ्याला पोचेपर्यंत निम्म्यांचा आवाज फुटला, उरलेल्यांनी नुसतं तोंड हलवलं, आणि विजयाताईंच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी लिहीत नाही. मोठ्या बाई आहेत.

"मला माहीत होतं," त्या खोकत म्हणाल्या. "पेटीनं असं कधी केलं नाही."

मी बघितलं. एक बटण असतं, ते दाबलं की पट्ट्या त्याच राहतात पण निघणारा सूर वर सरकतो. ते दाबलं गेलं होतं. एकदा नव्हे, चारदा. आणि त्या बटणावर कुंकू.

"नरसू, हेच बटण बरं सापडलं तुला?"

"मधोमध होतं, आक्का. कुंकू मधोमधच लावतात की."

"चारदा?"

"आपल्या चौघींच्या नावानं लावलं. मी, तू, ताई आणि पुण्याला गेलेली."

*

पुढं विजयाताईंना कुणीतरी सांगितलं की कीबोर्डात ढोलकी पण असते. दुसऱ्या दिवशी सरावाला त्या नरसूबाईला म्हणाल्या, "आता ठेका यंत्रातच आहे. तुम्ही टाळ घ्या."

आदल्या दिवसापर्यंत ज्या यंत्राला भाव नव्हता, त्याला एका रात्रीत ठेका आला! नरसूबाईनं ढोलकीला खोळ घातली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गोड आवाजात म्हटलं, "बरोबर हाय ताई. चला, लावते ठेका. तुमचं आवडतं म्हणा."

विजयाताईंची एक पद्धत आहे. ओळीच्या शेवटी स्वरावर थांबायचं, मान हलवायची, समोरच्या बाईकडं बघायचं, पदर सारखा करायचा आणि मग पुढची ओळ घ्यायची. त्यांनी पहिली ओळ म्हटली. थांबल्या. मान हलवली. यंत्र पुढं गेलं. त्या धावत दुसऱ्या ओळीला आल्या, सवयीनं परत थांबल्या. तिसऱ्या ओळीला त्या आणि ठेका यांची भेटच झाली नाही.

"अहो, थांबवा त्याला."

"ते थांबत न्हाय, ताई. तुमच्यासाठी थांबायची ती नरसू."

मग विजयाताईंनी स्वतःच्या हातानं ढोलकीची खोळ काढली. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

*

संक्रांतीनंतर शहरातल्या महिला मंडळांचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. प्रत्येक मंडळानं एक गाणं म्हणायचं. बायकांनी माझंच गाणं निवडलं, कारण ते सगळ्यांच्या तोंडात बसलं होतं. मी दोन रात्री झोपले नाही. मग मोबाइलवर विजयाताईंचा मेसेज आला. गायन: विजयाताई आणि सहकारी. मार्गदर्शन: विजयाताई. रचना: पारंपरिक.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. त्या शेंगा निवडत होत्या.

"ताई, पारंपरिक म्हंजी काय?"

"म्हणजे फार जुनं. जात्यावरचं वगैरे."

"जात्यावर बसून युनिफॉर्म कुणी शिवला?"

"तसं नव्हे हो. चाल अशी आहे की जुनीच वाटते. हे तुमचं कौतुकच आहे."

"मग कौतुक माझ्या नावानं करा."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. शाळेत पोराला समजावतात तशा म्हणाल्या, "मथुराबाई, भजनात मी-माझं बरं दिसत नाही. आपण सगळ्या एक आहोत."

"मार्गदर्शनाच्या पुढं तर तुमचं एकटीचंच नाव हाय."

"ते पद आहे. नाव नव्हे."

त्यांनी मला शेंगा दिल्या. मी घेतल्या नाहीत.

घरी येऊन नरसूबाईला सांगितलं, मी येणार नाही, दुसरी कुणी बघा. ती म्हणाली, "व्हय, नको जाऊ. तू नसलीस की ते खरंच पारंपरिक हुतंय." मी गुपचूप साडीला इस्त्री केली.

*

कार्यक्रमाला हॉल भरलेला. सूत्रसंचालन करणारी मुलगी कागद बघून म्हणाली, "आता एक पारंपरिक गीत." कीबोर्ड माझ्यासमोर, माईक माझ्याही तोंडापुढं, डावा पाय पेडलवर. सूर दिला, नरसूबाईनं ठेका धरला, विजयाताईंनी डोळे मिटले.

गाणं रंगलं. खरंच रंगलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या रांगेतल्या बायका टाळ्यांनी ठेका द्यायला लागल्या. शेवटचं कडवं झालं, विजयाताईंनी हात जोडले, बाकीच्यांनी जोडले. मी वाजवायची थांबले नाही. कॉर्ड फिरवून परत कडव्यावर आणली. नरसूबाईनं माझ्याकडं बघितलं आणि ठेका तसाच चालू ठेवला. विजयाताईंनी डोळे उघडले. आणि मी माईकमध्ये एकटीनं म्हटलं:

कापड कुणाचं, काम गं कुणाचं,
शिवलेल्या सदऱ्यावर लेबल दुकानाचं.

हॉलमध्ये युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या बायका बऱ्याच होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "परत म्हणा." मी परत म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याबरोबर म्हटलं. आमच्या मंडळातलं कुणी म्हणत नव्हतं, कारण येत कुणालाच नव्हतं.

विजयाताई माझ्याकडं झुकल्या. माईक चालू आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. म्हणाल्या, "मथुराबाई, हे कडवं आपल्या गाण्यात नव्हतं."

मी म्हटलं, "पारंपरिक हाय, ताई. आत्ताच सुचलं."