बायजाला रडवायला नेलं

लोधिवलीच्या बायजाला रडवायचं असं अंबूबाईनं ठरवलं आणि त्यासाठी तिला चौक गावात, तंबूतल्या शिनेमाला नेलं. गावात कुणी त्याला हसलं नाही. घरात माणूस गेलं आणि बाई रडली नाही तर तिला रडवावंच लागतं, ही आमच्याकडची जुनी रीत. कुणी थोबाडीत मारतं, कुणी मेल्याचं धोतर तिच्या पदरात टाकतं, कुणी त्याच्या नावानं तिच्या कानात हाका मारतं. बायजाच्या बाबतीत हे सगळं करून झालं होतं. शिनेमा तेवढा उरला होता.

बायजा ही भिवाजी वस्तादाची बायको. भिवाजीनं घरामागच्या पडवीत तालीम घातली होती, आणि आसपासच्या गावांत कुस्तीची गोष्ट निघाली की या घराचं नाव आधी निघायचं. मुलगे तीन. थोरला धोंडी एका जत्रेतल्या कुस्तीत मानेवर पडला तो उठलाच नाही. बैलगाडीत घालून आणला तेव्हा भिवाजी दारात आडवा उभा राहिला आणि गोळा झालेल्या बायांना म्हणाला, "हितं रडायचं नाय. पैलवानाचं घर हाय." डोळ्यातलं पाणी पडलं की तालमीची माती बाटते असं तो मानायचा, आणि प्रेत तर तालमीतच ठेवलेलं. बायजा रडली नाही. त्यानंतर मानमोडीच्या साथीचं साल आलं. मधला वाल्मिक त्या तापात गेला. त्या दिवसांत गावात घरटी मढं होतं. कोण कुणासाठी रडणार? बायजा स्वतःच तापानं फणफणून बाजूच्या खाटेवर पडलेली. शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटपून गेलं होतं. मग भिवाजीनं खाट धरली ती सोडली नाही. त्याच्या वेळेला बायजाच्या भावानं तिच्या दोन थोबाडीत दिल्या. ती म्हणाली, "मारू नको, दादा, दात हलतोय." आणि पाणी तापवायला आत गेली.

तिला काही वेड लागलेलं नव्हतं. लावणी करायची, कापणी करायची, म्हैस सांभाळायची, बाजारात सुकटवालीशी वाद घालून वर मूठभर जास्त घ्यायची. धाकटा पोपट तेवढा राहिला होता, आणि त्याच्याशी मात्र ती बोलायची नाही. भांडण नव्हतं की राग नव्हता. तांदळाची भाकरी थापायची, कालवण करायची, टोपलीखाली झाकून ठेवायची आणि तो यायच्या वेळेला गोठ्यात निघून जायची. पोपट एकटा बसून जेवायचा. असाच वाढला. हाडापेरानं थेट धोंडीवर गेला. गाव म्हणायचं, पोराला खायला काय कमी नाय.

तो लग्नाला आला तेव्हा कुंभिवलीच्या चिमानं त्याला घरजावई मागितला. चिमा विधवा, भाताची जमीन चांगली, कोंडी नावाची एकच लेक, घरात बाप्या माणूस नाही. पोपट हो म्हणाला. गावाला ते लागलं. अंबूबाई ही बायजाची धाकटी जाऊ, शेजारीच राहायची. तिनं पोपटाला ओटीवर गाठला.

"वस्तादाचा पोर तू, नि सासूच्या चुलीपाशी जाऊन बसनार?"

"चुलीपाशी कुनी असंल तर बसावं, काकी."

"लोकं कुत्रं म्हनतात रं घरजावयाला."

"कुत्र्यालाबी कुनीतरी यू यू करतं." पोपट ओटीवरून उठला. मग म्हणाला, "आये एकडाव म्हनू दे, नको जाऊ. मी नाय जात. बस, एवढंच म्हनू दे तिला."

"काहीच बोलत नाय?"

"भाकर झाकली हाय, असं बोलते. तेबी कंदीमंदी."

सोमवारी कुंभिवलीची माणसं सुपारी फोडायला यायची होती. त्याच आठवड्यात चौकला तंबू लागला. गावातले दोघे-चौघे बघून आले आणि सांगत सुटले की घाटावरच्या पैलवानांच्या एका घराचं चित्र आहे, खरं घडलेलं, तीन पोरं मरतात आणि आई छाती बडवते. "आपल्या भिवाजीचंच घर म्हना." अंबूबाईला हे पुरलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की बायजा एकदा रडली की बोलेल, आणि बोलली की पोपट राहील.

शनिवारी दिवेलागणीच्या खेळाला लोधिवलीच्या बाया निघाल्या. बायजाला सांगितलं, चल. ती म्हणाली, बरं. कुठं, कशाला, काही विचारलं नाही. म्हशीला वैरण टाकली आणि निघाली.

तंबूत दोर बांधून बाया एका अंगाला आणि बाप्ये दुसऱ्या अंगाला बसवले होते. चित्र मुकं. माणसं तोंड हलवायची, आवाज नाही. मध्येच पडद्यावर अक्षरांची पाटी यायची आणि बाजूला टेबलावर उभा असलेला एक टोपीवाला ती मोठ्यानं वाचायचा. पेटी-तबला वाजवायला दोघे होते. चित्र फिरून फिरून झिजलेलं, पडद्यावर सारखा पाऊस पडल्यासारखं दिसायचं. अंबूबाईनं बायजाला पुढं बसवली आणि स्वतः पडद्याकडं अर्धी पाठ करून तिच्याकडं तोंड करून बसली.

पडद्यावर बाप पोरांना डाव शिकवायला लागला तसे पलीकडचे बाप्ये उठून उभे राहिले. "टांग घाल, टांग." "अरं मानगूट धर, बघतोस काय?" थोरल्यानं पहिली कुस्ती मारली तेव्हा एका म्हाताऱ्यानं कनवटीचा ढबू पैसा काढून इनाम म्हणून पडद्यावर फेकला. तो पडद्याला लागून खाली पडला आणि तंबूवाल्याच्या पोऱ्यानं उचलून खिशात टाकला. म्हातारा म्हणाला, "पैलवानाला दे म्हनलं, तुला नाय." सगळे हसले.

मग थोरला मानेवर पडला.

पेटी थांबली. बाप्ये खाली बसले. लोधिवलीच्या झाडून साऱ्या बायांनी पडदा सोडून बायजाकडं तोंड केलं. बायजा पडद्यावरच्या आईकडं बघत होती. ती आई बैलगाडीमागं धावत होती.

"अंबूबाय, ही बाई नाय. बाप्या हाय," बायजा म्हणाली. "मघाशी भाकर थापली बघ, नुसत्या बोटांच्या टोकानं. अशानं तव्यावर टाकाया आली असती व्हय?"

"तू पोराकडं बघ ना, बये. पोराकडं बघ."

"बघितलं. पडलाय."

दुसरा तापानं गेला. तिसऱ्यानं विहीर जवळ केली. टोपीवाल्याचा गळा दाटून आला. रोज तो त्याच पाटीला दाटायचा, असं आधी बघून गेलेले सांगत होते, तरी बाया सुटल्याच. चितेवर आई पडली तसा तंबूत गलका झाला. कुणी आपल्या गेलेल्या पोराचं नाव घेतलं, कुणी नवऱ्याचं, कुणी मानमोडीत एका दिवशी गेलेल्या दोघी बहिणींचं. दोरापलीकडं बाप्ये उपरण्यानं नाक पुसायला लागले. मागं बसलेली, कोण कुठली, एक बाई बायजाच्या गळ्यात पडली आणि हुंदके द्यायला लागली. बायजानं तिच्या पाठीवर थोपटलं. "व्हईल बरं," म्हणाली. अंबूबाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला.

"चिमटा नको काढू. दंड दुखतो माजा."

चित्र संपत आलं होतं. भिंतीच्या खुंट्यांवर तीन फेटे अडकवलेले, आणि आई त्यांच्यासमोर बसून होती. राहिलेला चौथा पोर दारात आला. उभा राहिला. बाजूला झाला, पुन्हा येऊन उभा राहिला. आईनं मान वळवली नाही. त्याच्यासाठी पाटीही आली नाही, टोपीवाला नुसताच उभा. बाया अजून डोळे पुसत होत्या, दाराकडं कुणाचं ध्यान नव्हतं.

बायजानं मान वर केली.

"ह्याला कुनी वाढलं का गं?"

"कुनाला?"

"ह्या उभ्याला. मघाधरनं उभा हाय दारात. चितरातला दिस बुडाला."

"अगं, तिची तीन गेली नि तू जेवनाचं काय इचारतीस?"

"ती गेली. हा जिता हाय ना?"

पडदा पांढरा झाला आणि कंदील लागले.

परतताना नदीपाशी बाया थांबल्या. एकीनं काढलं, आपण मढी जळताना बघितली, तशाच घरात कशा शिरणार? दुसरी म्हणाली, चितरातलं मढं, त्याचं कसलं सुतक? तिसरी म्हणाली, मढं ते मढं, नि एवढ्या रडलो ते काय उगंच? शेवटी साऱ्याजणी लुगड्यांनिशी पाण्यात उतरल्या आणि बुडी मारून कुडकुडत वर आल्या. बायजा काठावरच्या दगडावर बसून राहिली. तिला कुणी ये म्हटलं नाही, ती रडलीच नव्हती. अंबूबाई केस पिळत म्हणाली, "मी हात टेकलं. सोमवारी पोर जातो बघ."

बायजा दगडावरून उठली आणि वाटेला लागली.

रविवारी दुपारी पोपट शेतावरून आला तेव्हा टोपली उचललेली होती आणि आई चुलीपाशी बसलेली होती. तो उंबऱ्यातच थबकला. बायजानं ताट सारलं. भाकरी, वालाचं बिरडं, कांदा. तो बसला. ती हातात पळी धरून समोर बसली.

पूर्वी ती तिघांना अशीच वाढायची. पैलवानाच्या आईनं नको म्हटलेलं ऐकायचं नसतं, पोरानं ताटावर हात धरला तर हात बाजूला करून वाढायचं. पोपटानं एक भाकरी संपवली. बायजानं पळी उचलली आणि त्याच्याकडं बघितलं. खाली वाकलेली मान धोंडीची होती. घास घेताना कानामागची शीर उडायची, तीही त्याचीच. पळी तिथंच राहिली. बिरडं थेंबथेंब चुलीपुढच्या राखेत पडत होतं. पोपट वाट बघत राहिला. मग त्यानंच हात लांब करून वाढून घेतलं.

बायजानं पळी खाली ठेवली आणि उठली. दारापर्यंत गेली, तिथनं परत आली, भिंतीला टेकून उभी राहिली. पोपट खाली मान घालून जेवत होता. त्याचं निम्मंही ताट झालं नव्हतं तोच तिचे पाय गोठ्याकडं वळले. म्हशीला वैरण टाकलेलीच होती. तिनं आणखी टाकली.

पोपट हात धुऊन मागच्या दारी आला.

"आये, म्या उद्या काय सांगू त्यांना?"

"त्यांना येऊ देऊ नको. आपुन जाऊ," बायजा म्हणाली. "मला ते घर बघायचं हाय."

सोमवारी भल्या सकाळी दोघं निघाली ती जेवायच्या वेळेला कुंभिवलीत पोचली. आपली माणसं तिकडं जायची तर हीच दोघं इकडं, आणि वर नवऱ्या मुलाची आई पायी आलेली, हे बघून चिमा गडबडली. कोंडीला पाणी आणायला पिटाळलं, पाट मांडले. "ईहीनबाई, सांगावा तरी धाडायचा. काय गोडाधोडाचं केलं असतं."

"गोडाचं नको. रोजचं वाढा," बायजा म्हणाली. "त्याला वाढा. मी मागनं जेवन."

ती खांबाला पाठ लावून बसली आणि बघत राहिली. चिमा जाडजूड, तोंडाची सैल बाई. पोपटाच्या पुढ्यात मांडी ठोकून बसली आणि बोलत बोलत वाढत सुटली. बैल मारका आहे, विहिरीला पाणी बरं आहे, कोंडी तापट आहे, आत्ताच सांगून ठेवते. पोपट पुरे म्हणाला. ती म्हणाली, "एवढ्यानं काय व्हतंय? पैलवान ना तू, का बामनाचा पोर?" त्यानं ताटावर पंजा धरला. चिमानं आमटी सरळ त्याच्या बोटांवर ओतली. पोपट हात झटकून हसला. दाराआड कोंडीही हसली.

पोपट हसतो कसा, हे बायजानं किती तरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्याची दाढ पडलेली होती. ती कधी पडली, तिला माहीत नव्हतं.

"चिमाबाय," ती म्हणाली, "रोज असंच वाढशीला?"

"मंग? जावयाला उपाशी मारू का काय?"

"उपाशी कुनीच मारत नाय. त्यो जेवून उठंस्तवर समोर बसशीला का, ते इचारते."

चिमानं पळी थांबवली. बाई आडदांड होती, पण मठ्ठ नव्हती. पोपटाकडं बघितलं, मग बायजाकडं. "बसन," म्हणाली.

"मंग सुपारी आत्ताच फोडा."

पोपटानं घास ताटात ठेवला. "आये, तू राहा म्हन. मी असाच उठतो नि येतो घरला."

"मी वाढाया बसते नि पळते. काल बघितलंस की."

"मला चालतंय."

"मला नाय चालत," बायजा म्हणाली. "जेव तू."

सुपारी फुटली. तिन्हीसांजेच्या आत बायजा एकटीच लोधिवलीत परत आली. अंबूबाई वाटेवरच उभी होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "तितं तरी रडलीस का गं?"

"नाय."

गाव तिला बरंच बोललं. वस्तादाचा शेवटचा पोर आपल्या हातानं सासुरवाडीला बांधून आली, काळीज नाही बाईला. तालमीची माती पुढच्या पावसाळ्यात वाहून गेली आणि पडवीत ती पेंढा रचायला लागली. पोपटाला कुंभिवलीचं पाणी मानवलं. अंगानं सुटला, दोन पोरांचा बाप झाला, कुस्ती कधी खेळला नाही. सासू-जावयाची भांडणं साऱ्या गावाला ऐकू जायची, आणि ती ताटावर बसूनच व्हायची.

खालापूरला काही काम निघालं की बायजा कुंभिवलीत डोकावायची, तेही नेमकं जेवणाच्या वेळेला. ओटीवर खांबाला टेकून बसायची. आत चिमा बोलत वाढत असायची, पोपट नको नको म्हणत असायचा. त्यानं हात धुतले की बायजा पदर झटकून उठायची.

"ईहीनबाई, दोन घास खाऊन जा," चिमा म्हणायची.

"नाय बाय," बायजा म्हणायची. "म्हैस वाट बघत असंल," आणि निघायची.