उसनी थुंकी

“प्लुरल इफ्यूजन,” मल्याळी डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी. “टीबी का है. लेकिन पिछले महीने की थूक की रिपोर्ट तो एकदम साफ थी?”

असणारच. ती थुंकी माझी नव्हती.

दोन महिने खोकत होतो. सित्र्याला कामावर नेणाऱ्या बसमध्ये खोकला आला, की शिंकेचं सोंग करायचो. टीबी निघाला की व्हिसा खलास, हे आखातातल्या आमच्या कामगार-कॅम्पात सगळ्यांना पाठ. म्हणून तपासणीच्या सकाळी खोलीतल्या पगारेपुढे डबी धरली.

“लोक रक्त मागतात रे,” म्हणत तो थुंकला. मनमाडचा पैलवान! रिपोर्ट इतका सुंदर आला, की माझाही त्यावर विश्वास बसला. औषधं लांबली, पाणी वाढलं. डबी हातात आली तर स्वतःच थुंका, हात जोडून सांगतो.

बरगड्यांत नळी घातली. चेस्ट ड्रेन, म्हणजे छातीतलं पाणी बाटलीत काढायची सोय. शेजारच्या खाटेवर एझ्रासाहेब, मनामा शहरातले म्हातारे ज्यू कापडवाले. नाकाला ऑक्सिजन. आठ दिवस आमचं नुसतं ‘सलाम’पुरतं.

तेव्हा कुवेतचं युद्ध पेटलेलं. एका दुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. चालणारे खाली पळाले. मीही बाटली विसरून उठलो, नळी ताणली आणि बोंबललो.

“बस खाली, गाढवा!” शेजारून मराठी!

“भायखळ्यात शिकलो,” ते धापा टाकत म्हणाले. “दुसऱ्या महायुद्धात बगदादहून पळालो. तिथं आमच्या लोकांना घरात घुसून मारत होते.”

दोघांनाही हलता येत नव्हतं. छताकडे बघत मी रडकुंडीला आलो. “बॉम्बमधून वाचलो तरी हे मला मुंबईला परत पाठवणार हो.”

त्यांनी ऑक्सिजनची नळी नाकाशी सारखी केली.

“आमची बोट मुंबईला लागली, तेव्हा आई धक्क्यावर खाली बसून रडली. जीव वाचला म्हणून. पुढं मला ताप आला. हाकलून देतील म्हणून लपवला. शेजारच्या सखूबाईंनी कान धरून दवाखान्यात नेलं. आणि तू त्याच गावाला घाबरतोस?”

भोंगा थांबला. संध्याकाळी डॉक्टरांना थुंकीचं खरं सांगितलं. ते हसले नाहीत. पगारेची पुन्हा तपासणी झाली. तो साफ निघाला. माझा व्हिसा मात्र खलास.

निघताना एझ्रासाहेबांना डोळे उघडवत नव्हते. मी हात धरला. त्यांनी बोटं दाबली, एवढंच.

मुंबईच्या विमानतळाबाहेर मी मटकन फरशीवर बसलो. दम लागला म्हणून, असं बायकोला सांगितलं.