अमरावतीच्या नकाशातला एक रूळ

मुलीसाठी अकोल्याचं स्थळ आलं आणि त्यात काहीच खोट दिसेना, तेव्हाच मला पहिली शंका आली. मुलगा शिक्षक, स्वभाव शांत, सुपारीचंही व्यसन नाही. जन्मभर वकिली केलेल्या माणसाला इतका स्वच्छ कागद दिसला की तो उलटून पाहावासा वाटतोच.

पाहण्याच्या कार्यक्रमात मी छंद विचारला, तर त्यानं पिशवीतून दोन मोठ्या गुंडाळ्या काढल्या. एक अकोल्याचा नकाशा, एक आमच्या अमरावतीचा. पण त्यात रस्ते नाहीत, देवळं नाहीत. नुसते रेल्वेचे रूळ. कुठला रूळ कुठं फुटतो, कुठल्या सांध्यावर दुसऱ्याला मिळतो, सगळं बारीक रेघांत.

"कुठून उतरवले?" मी विचारलं.

"उतरवले नाही काका. एकेक रूळ जागेवर जाऊन पाह्यला."

"दोन्ही गावचे?"

तो जरासा थांबला, मग "हो" म्हणाला. ते थांबणं मी मनात टिपून ठेवलं.

आमच्याकडे स्थळाची चौकशी करताना शेजारी, दूधवाला आणि शाळेसमोरचा चहावाला यांना विचारायची पद्धत आहे. मीही विचारलं. चहावाल्यानं मुलाचं इतकं कौतुक केलं की तो त्यांचा नातेवाईक असावा असं मला वाटलं. मग ठरवलं, नकाशेच तपासायचे. साध्या रुळाबद्दल जो खोटं बोलेल, तो उद्या माझ्या मुलीशीही बोलेल. एक रेघ जरी चुकली तरी नकार कळवायचा, असं मी घरी जाहीर केलं.

"पोरीले नवरा पाहून राह्यले का स्टेशनमास्तर?" बायको म्हणाली.

पाहुण्यांकडून नकाशे ठेवून घेतलेच होते. अकोल्याला गेलो आणि स्टेशनच्या पादचारी पुलावर नकाशा उघडून उभा राहिलो. मालगाडीचे रूळ, पूर्णा जंक्शनकडे वळणारे रूळ, सगळं जिथल्या तिथं. तेवढ्यात एक पोलीस आला.

"काका, मघापासून काय पाहून राह्यले?"

"जावई," मी म्हणालो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्यावर कुणी संशय घेतला की मला भारी राग येतो. नकाशात एकही चूक सापडली नाही, आणि खरं सांगतो, मी हिरमुसला होऊन घरी आलो.

राहिली अमरावती. आमचं स्टेशन म्हणजे रुळांचा शेवट. गाडी आली की आल्या वाटेनं परत. मी संध्याकाळचं फिरणं राजापेठेतून तिकडे वळवलं. रोज थोडंथोडं जुळवत गेलो. फलाटाच्या टोकाला मात्र थबकलो. नकाशात बाजूचा एक रूळ पुढे जाऊन मुख्य रुळाला मिळत होता. प्रत्यक्षात तो बाभळीच्या झुडपांमागे गपकन संपलेला, पुढे लोखंडी आडोसा. इथे उभं राहिलेल्या कुणाकडूनही हे चुकणं शक्यच नव्हतं. म्हणजे पठ्ठ्या इथे आलेलाच नाही!

सापडला, म्हणून मला एवढा आनंद झाला की विचारू नका. मग आठवलं, की हल्ली मुलगी स्वयंपाक करताना गुणगुणते. तिला काय सांगायचं, हे घरी येईतो ठरेना.

तरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "हा मुलगा खोटं बोलला. मी आत्ता फोन लावतो."

"बोलला खोटं," मुलगी म्हणाली. "अमरावतीचा नकाशा त्यानं काढलाच नाई, बाबा. मी काढला."

मी बायकोकडे पाहिलं. ती भाताचं भांडं उगाचच इकडून तिकडे सरकवत होती. हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघांची ओळख जुनी होती, स्थळ त्यांनीच मावशीकरवी पाठवलं होतं, आणि मुलगी क्लासवरून येताना रूळ पाहून नकाशात उतरवत होती. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण वकिलाची सवय जात नाही. मी रेघेवरचं बोट उचललं नाही.

"मग ही चूक कशी केली?"

"रस्त्याच्या पुलावरून पाह्यलं. झुडपामागं जुळत असन म्हणून जोडून देला."

"खाली फलाटावर काहून नाही गेलीस? दोन मिनिटांचं काम."

ती नकाशाची घडी घालू लागली.

"फलाटावर तुमच्या ओळखीचं कोणी ना कोणी राह्यतेच. त्यानं तुमाले सांगितलं असतं, आन् तुमी विचारलं असतं, कोनासंग गेली होती." तिनं घडी पूर्ण केली. "मी तर एकटीच जात होती, बाबा."

एकटीच. मी ते मानलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. आणि मलाही.