फुंकर घालणारी

समुद्राच्या बांधाअलीकडच्या त्या गावात दर हिवाळ्याला खानावळीच्या मोठ्या दालनात गावबोलीतलं नाटक होई, आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला, लाकडी खोक्यात, व्यूबके बसे. अडलेल्या नटाला पुढचा शब्द कुजबुजून देणाऱ्याला तिथे ‘टोपूस्टर’ म्हणतात, म्हणजे फुंकर घालणारा. विझत आलेल्या चुलीला घालावी तशी. शब्द नाटकापुरता राहिला नव्हता. लग्नात नवरदेव अडखळला की मागून कुणी म्हणे, “व्यूबकेला बोलवा रे.” सारखी मध्ये बोलणाऱ्या सासूलाही गाव टोपूस्टरच म्हणे.

त्या वर्षी नाटकात गावातला म्हातारा शेतकरी हायो काम करत होता. वसंतात त्याची बायको वारली होती, आणि नाटकात त्याला रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणायचं होतं, “आज चहा मीच करतो.” तालमीत तो तिथे थांबला. व्यूबकेने लगेच शब्द पुरवला.

“माझा श्वासही तूच घेणार का?” हायो म्हणाला.

“घेतला असता. पण तुझ्या पाइपाचा वास येतो.”

सगळे हसले. हायो हसला नाही. “प्रयोगात अडलो, किंवा तू मध्ये बोललीस, तर हे माझं शेवटचं नाटक.”

व्यूबकेला ते लागलं. नाटक सुटलं तर हा घराबाहेर पडणंही सोडेल, हे तिला दिसत होतं.

प्रयोगाला हायो खुर्चीपाशी आला आणि थांबला. वाक्य विसरलेला नट खोक्याकडे पाहतो. हायोची नजर खुर्चीवरच होती, पण त्याचा श्वास अडकला होता. मागे कुणी खोकलं. व्यूबकेच्या जिभेवर ‘आज’ आलं होतं. ते तिने गिळलं आणि नुसता श्वास घेतला, लांब, त्याला ऐकू जाईल एवढा.

हायोची छाती वर आली. “आज चहा मीच करतो.”

नंतर सगळे चहाला बसले. नाटक बसवणाऱ्या गेशेने विचारलं, “पुढच्या हिवाळ्यात आहेस ना, हायो?”

हायोने कपात खडीसाखर टाकली आणि वर चहा ओतला.

“असणारच,” गेशेच म्हणाली. “नाहीतर घरी एकटा काय—”

व्यूबकेने गेशेच्या हातावर हात ठेवला. “खोक्यात मी बसते ना? मग तू शब्द नको पुरवूस, थांब.”

हायोच्या कपात गरम चहाने खडीसाखर तडकली. तो ऐकत बसला. मग म्हणाला, “येईन. पण वाक्यं जरा जास्त द्या. हिला काही काम नको का?”