पोलादपूरच्या चाचांबद्दलची माझी ती पोस्ट

मित्रांनो, 'दाऊदचाचांकडे सायकल देऊ नका, चाकाची वाट लावतात' ही गेल्या रविवारची माझी पोस्ट तुम्ही सगळ्यांनी वाचलीत. आता ही पण वाचा.

आज आंबेनळी चढताना मागचं चाक इतकं कटकट वाजायला लागलं की मी अर्ध्या घाटातून मागे फिरलो आणि तणतणत पोलादपूरला चाचांच्या दुकानात शिरलो. "चाक डुलतंय म्हणून तुमच्याकडून स्पोक आवळून आउट काढून घेतला, तेव्हापासून वाजतंय!"

चाचा एकेक स्पोक बोटाने छेडून कान देऊन ऐकत गेले. मग म्हणाले, "सर, हे चार ढिले हायत. मागाहून स्पोकची चावी कोनी फिरवली?"

मीच फिरवली होती. घरी, व्हिडिओ बघून. पण ते चाचांना सांगितलं नाही.

त्यांनी ते चार आवळले, स्पोक एकमेकांना घासतात तिथे तेलाचा थेंब थेंब सोडला. आवाज बंद.

सायकल हातात देताना त्यांनी विचारलं, "तुमची सायकलवाली मंडळी हप्ताभर फिरकली नाय. सगळी बरी हायत ना?"

मी म्हणालो, "कामात आहेत सगळे, चाचा."

उद्या सकाळी त्यांना खरं सांगायला जायचंय. एकट्याने जायचा धीर होत नाही. कोण येतंय?